तोंडात अंडी सांभाळणारे आफ्रिकन सिक्लिड: टँक लावण्यापासून पिल्लं हातावेगळी करेपर्यंत

फिमेलने पहिल्यांदा तोंडात अंडी धरली की आपल्याला राहवत नाही. सारखं टँकसमोर जाऊन उभं राहावंसं वाटतं, तिला लगेच वेगळं काढावंसं वाटतं, बाकीचे मासे तिला त्रास देतील अशी धास्ती वाटते. मी पहिल्या वेळी तिसऱ्याच दिवशी जाळी घातली होती. येलो लॅब जातीची फिमेल होती, जाळीत आल्या आल्या तिने तोंड उघडलं आणि तीन-चार मिलिमीटरची पिवळसर नारिंगी अंडी वाळूवर पडली, मी हात बाहेर काढेपर्यंत बाकीच्या माशांनी एकही शिल्लक ठेवलं नाही. त्या दिवशी जे समजलं तेच या सगळ्या लेखात सांगायचंय. अंडी सांभाळायचं काम फिमेलला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं, आपलं काम पाणी नीट ठेवणं, दगड नीट रचणं आणि योग्य दिवस येईपर्यंत हात टँकबाहेर ठेवणं.

कोणते मासे म्हणतोय आपण

आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन मोठ्या तळ्यांतले बरेच सिक्लिड (हे माशांचं एक मोठं कुळ) माउथब्रूडर आहेत, म्हणजे अंडी आणि पिल्लं तोंडात वाढवणारे. मलावीत खडकांच्या कपारीत राहणारे म्बुना (येलो लॅब, डेमासोनी, ऑराटस वगैरे), मोकळ्या पाण्यात आणि वाळूवर फिरणारे हॅप, आणि पीकॉक. टांगानिकातले ट्रोफियस आणि फ्रंटोसा. टांगानिकात शिंपल्यात किंवा कपारीत अंडी चिकटवणारे सिक्लिडही आहेत, त्यांची पद्धत वेगळी, ते इथे धरलेले नाहीत. यातल्या जवळजवळ सगळ्यांत तोंडात अंडी धरते ती फिमेलच. आफ्रिकेतच ब्लॅकचिन टिलापियासारखे मासे आहेत ज्यांच्यात मेल धरतो, आणि काही जातींत दोघं वाटून घेतात, पण घरच्या टँकमध्ये तुम्हाला भेटणार ती तोंड गच्च मिटलेली आईच.

पहिल्यांदाच पाळत असाल तर येलो लॅब घ्या. म्बुनात त्यातल्या त्यात शांत, आणि ब्रीडिंगला अजिबात आढेवेढे न घेणारी जात. ऑराटस लहानपणी फार गोंडस दिसतो पण मोठा झाला की टँकमध्ये दुसऱ्या कुणाला जगू देत नाही, तो अनुभव आल्यावरच घ्यावा. डेमासोनी सात-आठ सेंटिमीटरचाच मासा, पण आपल्याच जातीवर इतका तुटून पडतो की चार-पाच ठेवले तर शेवटी एक उरतो, बारा किंवा जास्तच ठेवायचे म्हणजे मार वाटला जातो.

टँक आणि पाणी

म्बुनासाठी कमीत कमी चार फूट लांब, २०० लिटरच्या वरचा टँक. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची कारण मेल आपली हद्द जमिनीवर आखतो. हॅपना पाच-सहा फूट, आणि फ्रंटोसा तर तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो त्यामुळे त्याचा विचार ४०० लिटरच्या पुढेच करा. खाली बारीक वाळू. म्बुना असतील तर दगड अगदी पृष्ठभागाजवळ येतील इतके रचायचे, मधे भरपूर आरपार बोगदे राहतील असे. एका बाजूने आत शिरलेल्या फिमेलला दुसऱ्या बाजूने निघता आलं पाहिजे, एकच तोंड असलेल्या कपारीत मेल तिला कोंडून मारतो. आणि दगड वाळूवर ठेवू नका, आधी दगड तळावर टेकवा (काचेवर ताण येऊ नये म्हणून मधे पातळ प्लास्टिकची जाळी किंवा थर्माकोल), मग भोवती वाळू घाला. हे मासे वाळू उपसतात, दगडाखालची वाळू गेली की अख्खी रास काचेवर येते.

मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.८ ते ८.६ असतो, टांगानिकाचा ९ च्या आसपास जातो आणि तिथलं पाणी जास्त जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे. तुमच्या नळाचं पाणी आधीच जड असेल तर काही करायची गरज नाही. पाणी हलकं असेल तर फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवा, पीएच हळूहळू वर येतो आणि टिकतो. केएच (पीएच टिकवून धरणारे कार्बोनेट क्षार) वाढवायला साधा खायचा सोडा चालतो, १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम टाकला की केएच अंदाजे १ डिग्रीने वाढतो. जीएचसाठी (पाण्याचा एकूण जडपणा) एप्सम सॉल्ट, १०० लिटरला साधारण साडेचार ग्रॅमला १ डिग्री. हे टँकमध्ये थेट ओतायचं नाही, बदलायच्या पाण्याच्या बादलीत विरघळवून मगच, आणि एका दिवसात एका डिग्रीपेक्षा जास्त उडी नको. या तळ्यांचा पसारा इतका मोठा आहे (मलावीची खोली सुमारे ७०० मीटर, टांगानिकाची १४७० मीटर) की त्यांचं पाणी पटकन बदलतच नाही, त्यामुळे या माशांना आकडा थोडा इकडेतिकडे चालतो पण आज एक उद्या एक असं चालत नाही. कायम ७.८ राहणारा पीएच हा सोमवारी ८.५ आणि शुक्रवारी ७.५ असणाऱ्या पीएचपेक्षा शंभर पटीने बरा.

तापमान २५ ते २७. त्याच्यावर नेलं की अंडी लवकर वाढतात खरी, पण पाण्यात ऑक्सिजन कमी होतो आणि मेलचा तापटपणाही वाढतो.

नवीन टँक सायकल व्हायला, म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया तयार व्हायला, चार ते सहा आठवडे लागतात, आणि या माशांच्या बाबतीत ते आठवडे वाट बघणं फारच गरजेचं आहे कारण जास्त पीएचला अमोनिया जास्त मारतो. पीएच ७ ला पाण्यातल्या एकूण अमोनियातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, ८.५ ला तोच भाग १५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे दुसऱ्या कुठल्या टँकमध्ये खपून गेलेली चूक इथे खपत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासे आणू नका. नंतर दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढून, तापमान जुळवून.

मेल किती, फिमेल किती

एका मेलमागे तीन-चार तरी फिमेल हव्यात. एकच जोडी ठेवली तर मेल दिवसभर त्या एकीच्या मागे लागतो, तिला खायला आणि दम घ्यायलाही वेळ मिळत नाही, आणि पिल्लं सोडल्यावर तर ती अशक्त असते तेव्हा मारूनच टाकतो. लहान असताना मेल-फिमेल ओळखणं म्बुनात कठीण असतं, त्यामुळे आठ-दहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि रंग, वागणूक दिसायला लागली की जादाचे मेल काढून द्यायचे. शेपटीकडच्या खालच्या परावरचे गोल ठिपके बघून मेल ठरवायचा मोह होतो, पण बऱ्याच जातींत फिमेललाही एखाद-दोन ठिपके असतात, फक्त त्यावर विसंबू नका.

खाणं, आणि ब्लोट

बहुतेक म्बुना आणि ट्रोफियस निसर्गात खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यातले बारीक किडेही पोटात जातात. त्यांचं आतडं लांब असतं. स्पायरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेले पेलेट किंवा फ्लेक हे रोजचं खाणं, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. हॅप आणि पीकॉकना प्रथिनं जास्त चालतात. म्बुनांना ब्लडवर्म आणि प्राण्यांच्या मांसाचं खाणं देऊ नका, पोट फुगून मासा मरू शकतो, त्यालाच मलावी ब्लोट म्हणतात. खाणं हे एक कारण, खराब पाणी आणि सततचा मार ही दुसरी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण नवीन माणूस इथेच फसतो. ब्लोट झालेला मासा खाणं सोडतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. अंडी धरलेली फिमेलसुद्धा खाणं सोडते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. फरक बघायचा तो कुठे फुगलंय त्यात. होल्डिंग, म्हणजे अंडी धरलेल्या फिमेलचा गळा खालच्या बाजूने फुगलेला असतो, पोट उलट आत गेलेलं, आणि जबडा मधूनमधून चावल्यासारखा हलतो. ब्लोटमध्ये पोट फुगतं, श्वास जोरात चालतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबते, खाणं तोंडात घेऊन थुंकलं जातं. तसं दिसलं तर मासा लगेच वेगळा करा, खाणं बंद, पाणी बदला आणि मेट्रोनिडाझोल या औषधाची ट्रीटमेंट जाणकाराला विचारून सुरू करा, दोन दिवस थांबून बघू म्हणालात तर बहुतेक वेळा उशीर होतो.

अंडी घालताना

मेलचा रंग अचानक उजळतो. तो एखादा सपाट दगड साफ करतो किंवा वाळूत खळगा करतो आणि फिमेलसमोर अंग थरथरवत तिला तिकडे बोलावतो. ती तयार असेल तर दोघं डोकं-शेपटी असं गोल फिरायला लागतात. एक-दोन अंडी पडतात, ती वळते आणि लगेच उचलते. मग मेल आपला खालचा पर वाळूवर पसरतो, त्यावरचे पिवळे गोल ठिपके अगदी राहिलेल्या अंड्यांसारखे दिसतात, ती तेही उचलायला तोंड नेते आणि त्याच क्षणी मेल शुक्रद्रव सोडतो, अंडी तिच्या तोंडातच फळतात. या ठिपक्यांचं हे काम जर्मन अभ्यासक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडलं. हे गोल फिरणं पाऊण-एक तासही चालू शकतं. तेव्हा लाईट बंद-चालू करू नका, खाणं टाकू नका, काचेला अगदी चिकटून बसू नका. आणि तारीख लिहून ठेवा. कॅलेंडरवर, टँकच्या काचेवर मार्करने, कुठेही, पण लिहा, कारण पुढचं सगळं दिवस मोजून करायचंय आणि अंदाजाने मोजलेला दिवस हमखास चुकतो.

पहिल्यांदा धरणाऱ्या तरुण फिमेल बऱ्याचदा आठवड्याच्या आत अंडी गिळतात किंवा टाकतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही कधीकधी. त्यात तिचं काही चुकलेलं नसतं, तुमचंही नसतं, फळलेली नसतील तरीही ती टाकून देते. पुढच्या वेळी जमेल.

आतमध्ये काय चाललंय

२६-२७ डिग्रीला म्बुनांमध्ये अंदाजे असं चालतं. चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंड्यातून शेपटी बाहेर येते, पण पुढे पिवळ्या बलकाची भलीमोठी पिशवी तशीच लटकलेली, पोहता येत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी डोळे काळे ठसठशीत होतात. पंधराव्या दिवसापर्यंत माशासारखं रूप येतं पण पोटाखाली पिशवी असतेच. अठरा ते एकवीस दिवसांत बलक संपतो, आणि मग फिमेल पिल्लं सोडते, काही जाती पंचवीस-अठ्ठावीस दिवसांपर्यंत धरतात. ट्रोफियस चार आठवडे, फ्रंटोसा त्याहूनही जास्त.

ती सतत जबडा हलवते ते अंडी उलटीपालटी करायला. प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं आणि एकमेकांना चिकटून बुरशी धरत नाही. पंधराव्या-सोळाव्या दिवसानंतर रात्री खोलीतला दिवा बंद करून बाजूने मंद टॉर्च धरला (डोळ्यांवर नाही, गळ्याच्या खालून) तर फिकट रंगाच्या फिमेलच्या गळ्याच्या ताणलेल्या कातडीतून काळे ठिपके हलताना दिसतात. ते पिल्लांचे डोळे. एकदा बघा आणि टॉर्च बंद करा. मी इतकी वर्षं हे बघतेय तरी दर वेळी तितकंच वाटतं.

बहुतेक फिमेल या काळात काही खात नाहीत, पण ट्रोफियस आणि फ्रंटोसा वेगळ्या आहेत. त्या तोंडात खाणं घेऊन आतल्या पिल्लांना भरवतात, म्हणून त्यांना होल्डिंगच्या काळात अगदी बारीक खाणं थोडं थोडं देत राहायचं.

तिला हलवायचं कधी आणि कसं

तीन पर्याय आहेत. पहिला, काहीच करू नका. दगड दाट असतील तर पिल्लं कपारीत शिरतात आणि दहातली दोन-तीन तरी मोठी होतात. आणि ती सगळ्यात चपळ असतात. ज्यांना टँक भरून पिल्लं नकोत त्यांनी हेच करावं. दुसरा, फिमेलला पिल्लं सोडायच्या आधी वेगळ्या टँकमध्ये नेणं, मला हाच सगळ्यात बरा वाटतो. तिसरा, स्ट्रिपिंग, म्हणजे तिच्या तोंडातून पिल्लं आपण काढणं.

वेगळं करायचं तर चौदाव्या दिवसाआधी नको. सोळा-अठराव्या दिवशी नेलेली फिमेल घाबरून तोंड उघडलंच तरी पिल्लं जगण्याइतकी झालेली असतात. रात्री लाईट बंद झाल्यावर तासाभराने, मासे सुस्त झाले की करा. जाळीने हाकत हाकत पाण्याखाली बुडवलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात तिला शिरू द्या आणि डबा पाण्यासकट उचला, हवेत जाळीतून नेऊ नका. आधी दगड काढावे लागतील. सगळे दगड काढून पाणी गढूळ करून पंधरा मिनिटं पाठलाग करण्यापेक्षा तिच्या कपारीपुरते दोन-तीन दगड अलगद उचलले तर दोघांनाही सोपं जातं. एकदा हुकलं तर तो दिवस सोडून द्या, उद्या बघा.

वेगळा टँक ४० लिटरचा पुरतो. त्यात मुख्य टँकचंच पाणी, स्पंज फिल्टर (तो आधी दोन-तीन आठवडे मुख्य टँकमध्ये चालवून तयार ठेवलेला असला पाहिजे), हीटर आणि लपायला एक भांडं किंवा पाइपचा तुकडा. तीन बाजूंना कागद लावा.

पिल्लं सोडायला लागली की ती पहिल्या दिवशी थोडी थोडी बाहेर पडतात, तुम्ही जवळ गेलात की काही परत तोंडात शिरतात. म्बुना आई सोडल्यानंतर फारशी राखत बसत नाही, व्हिक्टोरियाकडचे काही आणि इतर हॅप मात्र काही दिवस धोका दिसला की पिल्लांना परत आत घेतात. ते दृश्य बघायला मिळालं तर घाई करून आईला काढू नका, जास्तीत जास्त दोन-तीन दिवस राहू द्या.

स्ट्रिपिंग

मी हे नाइलाज असेल तेव्हाच करते, म्हणजे फिमेल फारच खंगली, किंवा जी दर वेळी पिल्लं गिळून टाकते तिच्या बाबतीत, किंवा सुटं टँक रिकामं नाही तेव्हा. अठराव्या दिवसानंतरच. त्याआधी काढली तर पुढचे दिवस एग टंबलरमध्ये (त्याबद्दल खाली) वाढवावी लागतात.

एका पसरट टबमध्ये तिच्याच टँकचं पाणी घ्या. हात पूर्ण ओले करा, हातावर साबणाचा अंशही नको. ओल्या मऊ जाळीत तिला अशी धरा की अंगठा आणि बोटं कल्ल्यांच्या मागे येतील, पोटावर दाब नको, डोकं खाली, तोंड पाण्याच्या अगदी जवळ. दुसऱ्या हाताने गुळगुळीत, गोल कडेची प्लास्टिकची पट्टी किंवा बोथट काडी खालच्या ओठावर टेकवून जबडा अलगद खाली ओढा. पट्टी आत खुपसायची नाही. तोंड थोडं उघडलं की तिला पाण्यात टेकवून पुढेमागे हलवा, पाण्याच्या हालचालीने पिल्लं आपोआप बाहेर येतात. दहा-पंधरा सेकंदांत तिला टबच्या पाण्यात सोडून दम घेऊ द्या, मग पुन्हा. तीन-चार वेळात होतं. शेवटची एक-दोन कल्ल्यांजवळ अडकून बसतात, ती काढायला जबरदस्ती करू नका. तिचा जबडा निखळला तर ती पुन्हा कधीच नीट खाऊ शकत नाही, त्यापेक्षा दोन पिल्लं गेलेली परवडली.

एग टंबलर

लवकर हाती आलेल्या अंड्यांसाठी किंवा पिशवीवाल्या पिल्लांसाठी हे लागतं. तत्त्व सोपं आहे, आई जबडा हलवून जे करते ते पाण्याच्या प्रवाहाने करायचं. जाळीचा तळ असलेलं प्लास्टिकचं नळकांडं, खालून हळू वर येणारं पाणी, वर पुन्हा जाळी. प्रवाह किती हवा हे डोळ्यांनी ठरवायचं. अंडी जागच्या जागी सावकाश लोळली पाहिजेत, वर उडून जाळीवर आपटता कामा नयेत आणि तळाशी स्वस्थ पडलेलीही नकोत. पांढरं अपारदर्शक झालेलं अंडं मेलेलं, दिवसातून दोनदा बघून ड्रॉपरने काढा, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. मेथिलीन ब्लू अगदी फिकट निळं दिसेल इतकं टाकलं तरी बुरशीला आळा बसतो, पण ते वेगळ्या भांड्यात, कारण स्पंज फिल्टरमधले चांगले बॅक्टेरियाही त्याने मरतात. शेपट्या आल्या की प्रवाह अजून कमी करा, पिशवीला धक्का सहन होत नाही.

टांगानिकाच्या टँकमध्ये सायनोडोन्टिस मल्टीपंक्टॅटस हा ठिपक्यांचा कॅटफिश असेल तर एक गोष्ट बघून ठेवा. सिक्लिड अंडी घालत असताना हा मधे घुसून आपली अंडी टाकतो आणि फिमेल तीही उचलते. त्याची पिल्लं आधी बाहेर येतात आणि तोंडातल्या तोंडात तिच्याच पिल्लांना खातात. कोकिळेसारखा प्रकार, जपानच्या तेत्सू सातो यांनी १९८६ मध्ये तो जगासमोर आणला. काही जण मुद्दाम यासाठीच दोन्ही एकत्र ठेवतात. सिक्लिडची पिल्लं हवी असतील तर नका ठेवू.

पिल्लं वाढवताना

सोडली जातात तेव्हा एक सेंटिमीटरच्या आसपास असतात, म्हणजे बऱ्याच माशांच्या पिल्लांपेक्षा पुष्कळच मोठी. यांना इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) वगैरेची गरज पडत नाही, पहिल्या दिवसापासून चिमटीत चुरलेलं स्पायरुलिना फ्लेक आणि ताजी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं) खातात. पण बलकाची पिशवी पूर्ण आत गेल्याशिवाय खाणं टाकू नका, ती खाणार नाहीत आणि पाणी मात्र कुजेल.

आर्टेमिया काढायची तर एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ (आयोडीन नसलेलं), अर्धा चमचा अंडी, खालून जोराची हवा, वर दिवा, २६ ते २८ डिग्री. चोवीस ते छत्तीस तासांत निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, रिकामी टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली उजेडाच्या बाजूला गोळा होतात. पातळ नळीने तेवढीच ओढा, बारीक गाळणीत गोड्या पाण्याने धुवा आणि मग द्या. निघाल्यावर जितक्या लवकर द्याल तितकी त्यांच्यात ताकद जास्त. पंधरा दिवस आर्टेमिया मिळालेली बॅच आणि नुसत्या फ्लेकवर वाढलेली बॅच शेजारी ठेवा, महिनाभरात फरक लांबूनही दिसतो. म्बुनाची पिल्लं असतील तर नंतर शाकाहाराकडे वळवा.

दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. खाल्ल्यावर पोट गोल दिसलं पाहिजे, अर्ध्या तासाने तळाशी काही पडलेलं दिसलं तर पुढच्या वेळी कमी. तळ मोकळा ठेवा, वाळू नको, एअर पंपच्या बारीक नळीने रोज तळ ओढून घ्या आणि तेवढंच पाणी, दहा-पंधरा टक्के, भरा. पाणी काढताना बादलीत पांढरा तळ असू द्या म्हणजे चुकून ओढलं गेलेलं पिल्लू दिसतं. ५० लिटरमध्ये तीस पिल्लं अडीच सेंटिमीटरपर्यंत आरामात जातात, त्यापुढे मोठा टँक. अडीच सेंटिमीटर व्हायला दोन-तीन महिने लागतात. वाढ थांबलीय असं वाटलं तर खाणं वाढवायच्या आधी पाणी बदलणं वाढवा, दहातल्या नऊ वेळा दुखणं तिथेच असतं.

सहा-सात आठवड्यांनी आकारात फरक पडतो, मोठी लहानांना दाबून टाकतात, तेव्हा दोन गट करा. वाकडा कणा, न मिटणारा जबडा, नीट पोहता न येणारी पिल्लं प्रत्येक बॅचमध्ये एखाद-दोन निघतात. ती ब्रीडिंगसाठी कुणालाही देऊ नका.

आईचं काय

तीन आठवडे उपाशी राहिलेली असते ती. पिल्लं सोडल्यावर तिला वेगळंच ठेवून चार-पाच दिवस थोडं थोडं खायला द्या, एकदम भरपूर नाही. पोट भरून आलं की परत सोडा. त्याहून जास्त दिवस बाहेर ठेवलं तर ग्रुपमधली तिची जागा जाते आणि परत गेल्यावर सगळे तिला नवी समजून मारतात. परत सोडताना लाईट बंद आणि दोन-तीन दगड हलवून ठेवा, सगळ्यांना आपापली हद्द नव्याने शोधावी लागते आणि तिच्यावर लक्ष जात नाही. परत गेली की पहिल्या आठवड्यातच मेल पुन्हा मागे लागतो. वर्षभर एकीलाच पाच-सहा वेळा धरायला लागू नये म्हणूनही जास्त फिमेल हव्यात.

मिसळ करू नका

हे मला फार मनापासून सांगायचंय. मलावीच्या वेगवेगळ्या जातींचा एकमेकींत सहज संकर होतो, विशेषतः पीकॉकचा, आणि पीकॉकच्या फिमेल एकमेकींसारख्याच करड्या दिसतात, कुठली कोणाची हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. दिसायला छान ठेवायचा असेल तर मिश्र टँक ठेवा, पण त्यातली पिल्लं वाढवून जातीच्या नावाने देऊ नका. व्हिक्टोरिया तळ्यात १९५० नंतर नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि १९८० च्या दशकात तो इतका वाढला की तिथल्या सिक्लिडच्या शेकडो जाती संपल्या. त्यातल्या काही आज टँकमध्येच शिल्लक आहेत. आपल्या घरातली चाळीस पिल्लं शुद्ध ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे. एका जातीचा एकच ग्रुप, किंवा दुसरी जात ठेवायची तर वेगळ्या वंशातली आणि दिसायला अगदी वेगळी, म्हणजे येलो लॅबबरोबर डेमासोनी चालेल, दोन प्रकारचे पीकॉक नकोत.

जास्त झालेली पिल्लं नदीत, तलावात सोडायची नाहीत, कितीही दया आली तरी. तोंडात पिल्लं राखणारा मासा नव्या पाण्यात टिकला तर फार वेगाने पसरतो आणि तिथल्या माशांची जागा खातो. कुणी घ्यायला नसेल तर पुढच्या वेळी पहिला पर्याय वापरा, फिमेलला मुख्य टँकमध्येच राहू द्या.

द्यायची असतील तर तीन-चार सेंटिमीटरची झाल्यावर. आदल्या दिवशी खाणं बंद, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, एका पिशवीत पाच-सहाच पिल्लं, दोन पिशव्या एकात एक आणि कोपरे बांधून टाकलेले, नाहीतर पिल्लू कोपऱ्यात चेपतं. बाहेर चिठ्ठी लावा: जातीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कुठल्या पीएचमध्ये वाढली, काय खातात. आणि घेणाऱ्याला सांगा की पहिले दोन दिवस लाईट मंद ठेव आणि खाणं दुसऱ्या दिवसापासून दे.